उचल, खाडा आणि वेठबिगारी : सांगली जिल्ह्यातील एका मायलेकरांचे प्रकरण

बीड जिल्ह्यातील बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातून ऊसतोडीसाठी सांगली जिल्ह्यात आलेली एक तिशीतली स्त्री, हंगाम संपून तिची टोळी गावी परतल्यानंतरही, उचलीच्या, म्हणजे आगाऊ घेतलेल्या रकमेच्या, बाकीपोटी नदीकाठच्या एका वीटभट्टीवर राबवली जात होती. एप्रिलमध्ये तेथे झालेल्या पाहणीत वेठबिगारी आढळली नाही, असा अहवाल गेला. मे महिन्याच्या अखेरीस झालेल्या चौकशीनंतर त्याच स्त्रीला मुक्ती प्रमाणपत्र मिळाले. मधल्या काळात भट्टीवरची परिस्थिती बदललेली नव्हती. बदलली होती ती पाहण्याची आणि विचारण्याची रीत. मुक्ततेनंतरच्या समुपदेशनाचे काम माझ्याकडे होते. त्या आधारे मी हे प्रकरण मांडत आहे, कारण तिच्या शरीराला आणि मनाला झालेली इजा हाच वेठबिगारीचा सर्वांत भक्कम पुरावा होता आणि पहिल्या पाहणीत नेमका तोच कोणी पाहिला नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. संबंधितांची ओळख पटेल असा तपशील येथे दिलेला नाही.

कर्ज कसे वाढले

कुटुंब चार जणांचे : नवरा-बायको, अकरा वर्षांची मुलगी आणि चार वर्षांचा मुलगा. नणंदेच्या लग्नासाठी त्यांनी आषाढात गावाकडच्या मुकादमाकडून (टोळी जमवणाऱ्या मध्यस्थाकडून) एका कोयत्याची, म्हणजे जोडप्याची, १,२०,००० रुपये उचल घेतली आणि दिवाळी झाल्यावर ते टोळीबरोबर सांगलीकडे आले. जानेवारी २०२४ च्या करारानंतर तोडणीचा दर टनाला साधारण ३६६ रुपये झाला होता. सरळ उभा, चांगला ऊस असेल आणि गाडी वेळेवर लागली, तर जोडप्याच्या हातून दिवसाला दीड टनाच्या आसपास ऊस तुटतो. पहाटे चारला कोयता हातात घेण्यापासून रात्री मोळ्या डोक्यावरून फळीवर चढवून ट्रॉली भरेपर्यंतच्या कामाचे, दोन माणसांचे मिळून साडेपाचशे रुपये. तेही हातात पडत नाहीत. ते वहीत उचलीतून वजा होतात आणि बाजाराच्या दिवशी मिळणारी खर्ची, म्हणजे घरखर्चाची रक्कम, पुन्हा त्याच वहीत वाढवली जाते.

जानेवारीच्या मध्यास, पाचटात पाय घसरून, नवऱ्याच्या डाव्या पायाच्या नडगीवर कोयता बसला. त्या दिवशी वहीत ३१,००० रुपये जमा होते, १४,००० खर्ची होती आणि बाकी १,०३,००० होती. त्यानंतरच्या नोंदी मी मुद्दाम क्रमाने देतो, कारण कर्जाने माणूस बांधला जातो तो कसा, हे कोणत्याही विवेचनापेक्षा या नोंदींतून अधिक नीट कळते. नवऱ्याच्या ५८ दिवसांचा खाडा (गैरहजेरीबद्दलची आकारणी), दिवसाला ५०० रुपये, एकूण २९,०००, दवाखाना ६,५००, बाईचा चार दिवसांचा खाडा २,०००, अर्ध्या कोयत्याने केलेल्या तिच्या तोडीचे जमा ११,५००. पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, तेव्हा बाकी १,२९,००० रुपये झाली होती. दिवाळीपासून मार्चपर्यंत राबून हे कुटुंब घेतलेल्या रकमेपेक्षा ९,००० रुपये अधिक देणे लागत होते.

जखम चिघळल्यावर नवरा पैशांची तजवीज करतो असे सांगून गावी गेला होता. मुकादमाने त्याला जाऊ दिले, मात्र बायको आणि लेकरे मागे ठेवून घेतली. गावात पैसे उभे राहिले नाहीत, फोन घ्यायची लाज वाटू लागली आणि शेवटी त्याने फोन बंदच ठेवला. मार्चमध्ये कोप्या (तोडणी मजुरांच्या झोपड्या) मोडल्या, टोळीचा ट्रक बीडकडे निघाला, तेव्हा या बाईला त्यात चढू दिले नाही. मुकादमाने एका भट्टीमालकाकडून बाकीची रक्कम घेतली आणि तिला लेकरांसह त्याच्या भट्टीवर आणून सोडले. आधार कार्ड, बँकेचे पासबुक आणि तिचा साधा फोन, ही तिन्ही मुकादमाच्या पिशवीतून मालकाच्या कपाटात गेली. माणूस विकला गेला असे कोणी म्हटले नाही. सगळ्यांच्या बोलण्यात शब्द होता तो ‘बाकी वळती केली’ असा.

भट्टीवरचे तीन महिने

भट्टीला कुंपण नव्हते. रस्ता दोनशे पावलांवर होता आणि वडाप जीप हात केला की थांबत असे. आठवड्याच्या बाजाराला तिला पाठवले जाई. पण दोन्ही लेकरांना घेऊन कधीही नाही. धाकट्याला मालकाच्या घरी टीव्ही पाहायला बसवले जाई आणि ती परत आली की तो तिच्या ताब्यात मिळे. कोणी कधी धमकी दिली नाही, मारहाण केली नाही. धमकी द्यावी लागू नये अशीच ती व्यवस्था होती. अमेरिकेतल्या मळ्यांवरून पळून जाणाऱ्या गुलामांत पुरुषांची संख्या स्त्रियांपेक्षा कितीतरी अधिक होती आणि लेकरे मागे टाकणे आयांना अशक्य होते, हे त्याचे एक मोठे कारण इतिहासकार सांगतात. एकोणिसाव्या शतकात भारतात गुलामगिरीची कायदेशीर मान्यता १८४३ च्या कायद्याने काढून घेतली गेली आणि स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेच्या २३ व्या अनुच्छेदाने वेठबिगारी निषिद्ध केली. तरी लेकराला धरून आईला बांधण्याची युक्ती कृष्णाकाठी आजही तितकीच उपयोगी पडत होती.

तिचे काम चिखल मळण्याचे, कच्च्या विटा वाहण्याचे आणि रात्री भट्टीत कोळसा-भुसा भरणाऱ्यांच्या हाताखालचे होते. मुलगी थापलेल्या विटा वाळण्यासाठी पलटत असे. मालकाच्या वहीत रोज २०० रुपये हजेरी लागत होती. मुलीच्या कामाची नोंद कुठेच नव्हती.

मुक्ततेनंतर मिरजेच्या सिव्हिलमध्ये झालेल्या तपासणीत बाईचे वजन ३६ किलो आणि हिमोग्लोबिन ६.८ भरले. कंबरेच्या मणक्यांवर ताण, मानेचे दुखणे, दोन्ही हातांच्या कोपरांखाली भाजल्याचे जुने-नवे डाग आणि पोटऱ्यांवर उसाच्या पात्याने ओढलेल्या, आता पांढऱ्या पडलेल्या रेघा होत्या. फेब्रुवारीत फडातच तिचा गर्भपात झाला होता; रक्तस्राव त्यानंतर अनियमितपणे चालूच राहिला आणि तिने तो कोणाला सांगितला नाही. ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांच्या अशा दुखण्यांचे पुढे काय होते, हे बीड जिल्ह्याला माहीत आहे : २०१९ च्या सरकारी पाहणीत ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली होती.

सर्वांत बोलका पुरावा तिच्या बोटांवर होता. ओल्या चिखलाने आणि कच्च्या विटांच्या खरखरीत कडांनी आई आणि मुलगी दोघींच्याही बोटांच्या टोकांवरची कातडी झिजून गुळगुळीत झाली होती. मदतीची रक्कम जमा करण्यासाठी बँकेत खाते उघडताना तिचा अंगठा यंत्र घेईना. कर्मचाऱ्याने बोटे पुसून, तेल लावून, एकेक करून दहाही बोटे ठेवून पाहिली. शेवटी डोळ्यांच्या बुबुळांवरून ओळख पटवावी लागली. तिच्या जबाबाखालचा अंगठा म्हणजे शाईचा एक सपाट ठिपका आहे. तीन महिन्यांच्या कामाची याहून नेमकी नोंद मालकाच्या कोणत्याही वहीत नव्हती.

पहिली पाहणी आणि दुसरी चौकशी

मुलाला अंगणवाडीत का पाठवत नाही, हे विचारायला गेलेल्या अंगणवाडी सेविकेच्या लक्षात आले की ही बाई उत्तर देण्याआधी प्रत्येक वेळी मालकाच्या घराकडे पाहते. एवढ्या एका निरीक्षणावर त्या सेविकेने वर कळवले, ही गोष्ट मला या प्रकरणातली सर्वांत मोलाची वाटते. त्यानुसार पथक आले. भरदुपारी, भट्टीवरच, मालकाने मागवलेला चहा घेत, त्याच्यादेखत तिला विचारण्यात आले की तुम्हाला इथे जबरदस्तीने ठेवले आहे का. ती म्हणाली, “आमी आमच्या खुशीनं राहिलोत, साहेब. पैसे घेतल्यावर फेडावंच लागतंय की.” पहिले वाक्य अहवालात उतरवले गेले. दुसरे वगळले गेले, आणि कायद्याच्या दृष्टीने खरे महत्त्वाचे वाक्य तेच होते.

मे महिन्यात नवऱ्याने, पाय बरा झाल्यावर आणि भावकीतल्या एका शिक्षकाने अर्ज लिहून दिल्यावर, स्वतःच्या जिल्ह्याच्या कचेरीत तक्रार केली. ती सांगलीकडे आली आणि या वेळी प्रांताधिकाऱ्यांनी घाई केली नाही. आरोग्य तपासणीच्या निमित्ताने तिघांनाही एकाच गाडीतून भट्टीबाहेर आणले गेले. पहिल्या दिवशी जबाब घेतलाच नाही; जेवण, अंघोळ, औषध आणि झोप एवढेच. दुसऱ्या दिवशी एका महिला अधिकाऱ्याने दोन्ही लेकरे तिच्याजवळ बसवून विचारायला सुरुवात केली, तीही भट्टीपासून नव्हे तर नणंदेच्या लग्नापासून. जबरदस्ती झाली का, हा प्रश्न विचारलाच गेला नाही. बाजाराला कशा जात होता, कोणाला सांगून जात होता, मुलगा तेव्हा कुठे असे, फोन शेवटचा कधी हातात होता, गावी जायचे मनात आले तर काय कराल असे वाटत होते, अशा साध्या प्रश्नांतून सगळे उलगडले.

मुकादमाने आपल्या बचावासाठी वही हजर केली. बाई खरोखरच देणे लागते, हे त्याला सिद्ध करायचे होते. वर दिलेल्या उचल-खाड्याच्या सर्व नोंदी त्या वहीतल्याच आहेत. वेठबिगार पद्धती (निर्मूलन) अधिनियम, १९७६ नुसार आगाऊ रकमेच्या बदल्यात माणसाचे हवे तिथे काम करण्याचे किंवा मोकळेपणाने जाण्या-येण्याचे स्वातंत्र्य गेले, की ती वेठबिगारी ठरते. साखळदंड किंवा कुलूप लागत नाही. ते कर्ज वेठबिगारीचे नाही, हे सिद्ध करण्याची जबाबदारी कलम १५ ने सावकारावर टाकली आहे. किमान वेतनापेक्षा कमी मोबदल्यात काम करून घेणे हीसुद्धा सक्तीची मजुरीच होय, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये एशियाड बांधकामावरील मजुरांच्या प्रकरणात सांगितले आहे. त्यामुळे ज्या पानाने तिचे देणे दाखवायचे होते, त्याच पानाने तिची वेठबिगारी दाखवली.

येथे दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. उचल घेऊन टोळी न आल्यामुळे किंवा हंगामाच्या मध्यात पळून गेल्यामुळे सांगली, कोल्हापूर, सातारा भागातले अनेक वाहतूकदार खरोखर बुडाले आहेत आणि ट्रॅक्टरच्या हप्त्यांखाली पिचलेली शेतकरी कुटुंबे मी पाहिली आहेत. कारखाना वाहतूकदाराला, वाहतूकदार मुकादमाला आणि मुकादम कोयत्याला पैसे देतो. या साखळीत लेखी करार फक्त वरच्या टोकाला असतो आणि तोटा मात्र खालच्या टोकाकडून वसूल केला जातो. फसवणुकीसाठी फिर्याद आहे, दिवाणी दावा आहे. चार वर्षांचे मूल अडकवून ठेवणे हा वसुलीचा मार्ग होऊ शकत नाही, आणि साखर उत्पादनाची घडीच अशी आहे असे म्हणून तो क्षम्यही ठरत नाही.

मनाची अवस्था

निवारागृहातले पहिले काही दिवस ती लघवीला जातानाही विचारून जात असे. पाणी पिण्याआधी थांबत असे. खुर्ची दिली तरी भिंतीला टेकून जमिनीवर बसे. रोज रात्री कपड्यांचे बोचके बांधून उशाला घेई आणि रात्री तीनच्या सुमारास, विशेषतः रस्त्यावरून ट्रॅक्टर गेला की, उठून बसे. वय, गाव, लेकरांची नावे, काहीही विचारले तरी उत्तराच्या शेवटी बाकीचा आकडा येत असे. मनोविकारतज्ज्ञांनी आघातानंतरचा ताण आणि नैराश्य असे निदान केले, औषधे सुरू केली. निदान योग्यच होते, मात्र तिच्या यातनेचा गाभा त्या दोन शब्दांत पुरता येत नाही.

गर्भपाताविषयी बोलताना तिला महिना सांगता येत नव्हता. मी निरनिराळ्या खुणा देऊन पाहिल्या. संक्रांत, महाशिवरात्र, नवरा गेल्यानंतर किती बाजार झाले. शेवटी ती म्हणाली, “मला चार दिसाचा खाडा लागला नव्हं का, तवाची गोष्ट.” स्वतःच्या देहावर गुदरलेला तो प्रसंग तिच्या स्मरणात मुकादमाच्या वहीतली नोंद म्हणून साठवला गेला होता. त्या चार दिवसांत तिला दुःख झाले का, असे विचारल्यावर ती बराच वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली की तेव्हा दोन हजार वाढले याचाच घोर होता. पुढे जवळजवळ महिनाभराने, मुलीची वेणी घालताना, ती त्या गर्भासाठी पहिल्यांदा रडली. मी हे सुधारणेचे लक्षण मानतो.

ज्यांनी तिला बांधून ठेवले त्यांच्याविषयी तिच्या मनात राग जवळजवळ नव्हता. मुकादम तिच्याच गावाकडचा, नात्याने लांबचा मामा. लग्नाला पैसे त्यानेच दिले, पाय कापला तेव्हा दवाखान्यात त्यानेच नेले. लोकाचे देणे ठेवून मरू नये, ही शिकवण तिला आईकडून मिळालेली होती आणि ती शिकवण वाईट नाही. वेठबिगारीची सर्वांत क्रूर गोष्ट मला हीच वाटते की ती माणसाच्या सचोटीलाच बेडी बनवते. ‘खुशीने राहिलोत’ असे ती म्हणाली तेव्हा ती केवळ भीतीपोटी खोटे बोलत होती असे मला वाटत नाही. इतके दिवस परवानगीवाचून न जगलेल्या मनाला आपली खुशी आणि मालकाची मर्जी यांतला फरक करता येईनासा झाला होता. अशा माणसाची एकदाच, एकाच प्रश्नात घेतलेली संमती चौकशी अधिकाऱ्याने पुरावा म्हणून धरणे अन्यायाचे आहे.

मुलांच्या मनावरचे ओझे वेगळ्या रीतीने दिसले. धाकटा आईच्या पदराचे टोक मुठीत धरूनच झोपत असे, आणि ती दारातून बाहेर पडू लागली की श्वास अडकेपर्यंत रडत असे. टीव्ही लावला की त्याचे रडणे वाढत असे, ही गोष्ट निवारागृहातल्या मावशींना आधी कळेना. मुलगी मात्र कधीच रडली नाही. आल्या रात्री तिने खोलीची कडी आतून निघते की नाही हे दोन-तीनदा उघडून पाहिले आणि मग आईला सांगितले की निघते, झोप आता. तिला खेळायला बोलावले तर ती विचारी की इथले काम किती वाजता सुरू होते.

मुक्तीनंतर

मुक्ती प्रमाणपत्राबरोबर केंद्र सरकारच्या पुनर्वसन योजनेतून ३०,००० रुपयांपर्यंतची तातडीची मदत मिळते; स्त्रिया आणि बालकांसाठी एकूण तरतूद २ लाखांची आहे, पण उरलेली रक्कम मिळणे प्रत्यक्षात खटल्याच्या प्रगतीशी जोडलेले राहते. तातडीच्या मदतीत खोळंबा होऊ नये यासाठी प्रत्येक जिल्ह्यात किमान १० लाखांचा कायम निधी असावा, असे योजनेत म्हटले आहे. या कुटुंबाला तातडीची रक्कम मिळाली. पुनर्वसनाशिवाय मुक्तता निरर्थक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्येच म्हटले होते. त्याचा अर्थ गावी परतल्यावर कळतो.

नवऱ्याबरोबरची भेट कठीण गेली. तो तिच्याकडे पाहू शकत नव्हता. लेकरे सोडून आलो, ही टोचणी त्याला आतून खात होती आणि ती टोचणी हळूहळू संशयात बदलू लागली. बायको तीन महिने परक्यांत एकटी राहिली, हे वाडीतल्या बायकाही तिला ऐकवत. आम्ही दोघांशी आधी वेगवेगळे आणि मग एकत्र बोललो. भट्टीवरच्या बाजाराच्या दिवसाची हकिगत त्याने मुलीच्या तोंडून ऐकली, तेव्हा त्याचा स्वर बदलला. त्याला दारूपासून दूर ठेवणे आणि नियमित औषधे देणे हे काम आता गावातल्या आशा ताई पाहतात, आणि रात्रीबेरात्री गरज पडली तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक त्याच्या फोनमध्ये साठवून दिला आहे. मुलीचे नाव पाचवीत घातले आहे. पुढच्या हंगामात दोघांपैकी कोणी तोडीला गेलेच, तर तिला हंगामी वसतिगृहात ठेवायचे, यावर घरात एकमत झाले आहे.

एक प्रश्न अजून सुटलेला नाही. मदतीच्या रकमेतून मुकादमाचे थोडेथोडे फेडावे, असे तिला अजूनही वाटते. कायद्याच्या कलम ६ नुसार ते कर्ज संपलेले आहे आणि कलम ९ नुसार संपलेल्या कर्जापोटी पैसे स्वीकारणे हा मुकादमाचा तीन वर्षांपर्यंतच्या शिक्षेचा गुन्हा ठरेल. ती विचारते, “कायद्यानं फिटलं, पर आमच्याकडनं कुठं फिटलं?” त्यावर कलमे ऐकवून काही उपयोग होत नाही. आम्ही तिच्याबरोबर बसून तिच्याच हिशेबाने नवी आकडेमोड केली : तिची तोड, तिची हजेरी खऱ्या दराने, मुलीचे काम, आणि ज्याचा खाडा लावायचा अधिकार कोणाला नव्हता ते सगळे दिवस. त्या हिशेबात देणे मुकादमाकडे आणि भट्टीमालकाकडे निघते. तिने तो कागद नवऱ्याकडून दोनदा वाचून घेतला, पण पैसे पाठवायचे की नाही हे अजून ठरवलेले नाही, आणि आम्ही तिच्यावतीने ठरवणार नाही.

प्रांताधिकाऱ्यांसमोर तिची साक्ष व्हायची आहे. मुकादमाच्या नातेवाइकांनी मध्यस्थ पाठवून जबाब मागे घेण्याची गळ घातली. तिने नकार दिला आहे. साक्षीला येताना दोन्ही लेकरे बरोबर असतील, कोणाकडेही ठेवायची नाहीत, ही तिची अट आहे. त्याप्रमाणे अर्ज दिला असून, बीड ते सांगली प्रवासाचा आणि मुक्कामाचा खर्च मिळावा अशी मागणीही त्यात केली आहे.